उशिरा आलेल्या ठोक्यांचा हिशेब

आपल्या या कार्यक्रमात एरवी आपण कर्जाचे हप्ते, शेळ्यांचा विमा, पापड-लोणच्याचं पॅकिंग असे विषय घेतो. पण मधूनमधून एक दिवस आपण इतिहासाला देतो. आजचा इतिहास राजांचा नाही आणि लढायांचाही नाही. आकाशात एक जोडी आहे, एक प्रचंड तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा एक इवलासा तारा. ती जोडी माणसांना कशी सापडली, त्याची ही गोष्ट. बऱ्याच ठिकाणी ती बायकांच्या हातून पुढे गेली आहे, म्हणून ती आपल्याला माहीत असायला हवी.

ताऱ्यांची जोडी आपल्याला नवी नाही. लग्नात नव्या नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. सप्तर्षींच्या वाकड्या शेपटीतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ आणि त्याला खेटून बारीकशी दिसते ती अरुंधती. पुढे दुर्बीण आली, तेव्हा कळलं की वसिष्ठसुद्धा एकटा नाही, तिथे दोन तारे जवळजवळ आहेत. पण काही जोड्या इतक्या चिकटून असतात की कितीही मोठी दुर्बीण लावा, एकच ठिपका दिसतो. मग तिथे दोन आहेत हे ओळखायचं कसं?

त्याची एक युक्ती अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत सापडली. तिथे ताऱ्यांच्या उजेडाचे काचेवर फोटो काढत. लोलकातून गेलेल्या उजेडाचा पट्टा त्या काचेवर उमटे आणि पट्ट्यात काळ्या रेघा दिसत. हजारो काचा तपासायचं किचकट काम बायकांकडे होतं. त्यांना तासाला साधारण २५ सेंट मजुरी मिळे, पुरुषांपेक्षा कमी. त्यांच्यात अँटोनिया मॉरी नावाची एक बाई होती. १८८९ च्या सुमाराला या वेधशाळेत लक्षात आलं की वसिष्ठाच्या पट्ट्यातली रेघ कधी एकेरी दिसते, कधी दुहेरी. मॉरीने सारथी या तारकासमूहातल्या एका ताऱ्यातही तसंच पाहिलं. तिथे तर चार दिवसांत रेघा फाकत आणि पुन्हा एक होत. म्हणजे दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते. एक आपल्याकडे येत असताना दुसरा दूर जात होता, म्हणून रेघा वेगळ्या होत. डोळ्यांना एकच ठिपका दिसत होता, पण रेघांची हालचाल सांगत होती की घरात दोघं राहतात.

ही युक्ती लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

आता आपण इंग्लंडला जाऊ. साल १९६७, गाव केंब्रिज. जोसेलिन बेल नावाची २४ वर्षांची मुलगी तिथे पीएच.डी. करत होती. ती मूळची उत्तर आयर्लंडची. लहानपणी तिच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मुलांना विज्ञानाच्या वर्गात पाठवलं आणि मुलींना स्वयंपाक-शिवणाच्या. तिच्या आईवडिलांनी शाळेत जाऊन हरकत घेतली, तेव्हा तिला विज्ञानाच्या वर्गात बसू दिलं. हे ऐकताना आपल्यापैकी कित्येकींना आपापली शाळा आठवेल.

केंब्रिजला तिने आणि तिच्या सोबत्यांनी आधी रेडिओ दुर्बीण उभी केली. ही दुर्बीण म्हणजे नळकांडं नव्हे. साडेचार एकर रान, त्यात हजारावर लाकडी खांब आणि त्या खांबांवर मैलोन्‌मैल तारा. द्राक्षाच्या बागेचा मांडव डोळ्यांपुढे आणा, साधारण तसं. खांब ठोकायला, तारा ओढायला जवळजवळ दोन वर्षं गेली. जोसेलिनने स्वतः घण चालवला. मग दुर्बीण सुरू झाली आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी एका पेनाने कागदाच्या पट्टीवर उमटू लागल्या. रोज सुमारे १०० फूट कागद निघे आणि तो सगळा तिने डोळ्यांखालून घालायचा.

त्या कागदांत तिला एका जागी एक खूण दिसली. शेकडो फूट कागदात जेमतेम अर्धा सेंटिमीटर, पसरट, गिचमिड. गाडीच्या इंजिनाची किंवा विजेच्या उपकरणाची खरखर असली तरी तशी खूण उमटते, त्यामुळे ती सोडून देणं सोपं होतं. पण तिला आठवलं की अशीच खूण आधीही आकाशाच्या त्याच भागातून आली होती. तिने जुने कागद काढले. खूण खरंच पुन्हा पुन्हा येत होती. मग यंत्राचा कागद जोरात पळवून तिने ती खूण ताणून पाहिली. २८ नोव्हेंबर १९६७ ला दिसलं की ती गिचमिड नाही, ते ठोके आहेत. दर १.३३ सेकंदाला एक, घड्याळासारखे नेमके.

आधी तिच्या वरिष्ठांना वाटलं, हे माणसानेच केलेलं काहीतरी असणार. मग गंमत म्हणून त्यांनी त्या उगमाला 'हिरवी छोटी माणसं' असं नाव दिलं, जणू परग्रहावरून कोणी हाक मारतंय. पण त्याच वर्षी नाताळाच्या आधी जोसेलिनने आकाशाच्या दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा उगम शोधला. दोन वेगळ्या दिशांनी परग्रहावरची माणसं एकाच वेळी हाक मारतील, हे काही पटण्यासारखं नव्हतं. ही ताऱ्यांचीच नवी जात होती. तिला नाव मिळालं पल्सार, मराठीत स्पंदक तारा. फेब्रुवारी १९६८ मध्ये शोध जाहीर झाला. पत्रकार आले. वरिष्ठांना त्यांनी शोधाबद्दल विचारलं आणि जोसेलिनला विचारलं की तुला मित्र किती, तुझी उंची किती, तुझ्या अंगाची मापं काय. तिने हे पुढे अनेकदा सांगितलं आहे.

पल्सार म्हणजे काय ते आता समजून घेऊ. खूप मोठा तारा म्हातारा होतो, तेव्हा शेवटी त्याचा स्फोट होतो. बाहेरचा भाग उधळला जातो आणि आतला गाभा दबून दबून घट्ट होतो. सूर्यापेक्षा जास्त वजन, आणि आकार फक्त २०-२५ किलोमीटर. एका गावापासून तालुक्याच्या गावापर्यंत होईल एवढाच. त्यातला चमचाभर ऐवज शेकडो कोटी टन भरेल. हा गोळा भोवऱ्यासारखा गरगरतो. त्याच्या अंगातून उजेडाचे किंवा लहरींचे झोत निघतात. रुग्णवाहिकेवरचा फिरता दिवा लांबून पाहिला तर तो लुकलुकल्यासारखा वाटतो ना? खरं तर दिवा सतत पेटलेलाच असतो, तो फक्त आपल्याकडे वळतो तेव्हा चमकतो. पल्सारचा प्रत्येक ठोका म्हणजे त्याचं एक गिरकी घेणं.

पण शोध लागून तीन वर्षं झाली तरी एक अडचण कायम होती. तोवर सापडलेले पल्सार एकेकटे होते. आणि एकट्या ताऱ्याचं वजन करता येत नाही. त्याला ठेवायला तराजू कुठे आहे? तारा दुसऱ्या कोणाशी बांधलेला असेल, तरच त्याच्या हालचालीवरून वजनाचा अंदाज येतो.

आता गोष्ट आफ्रिकेच्या किनाऱ्याला येते. केनिया देशात मालिंदी गावाजवळ समुद्रात एक लोखंडी मचाण होतं, इटलीच्या लोकांनी उभारलेलं. तिथून १२ डिसेंबर १९७० ला अमेरिकेचा एक उपग्रह उडाला. उडवणारं पथक इटलीचं होतं. जागा मुद्दाम विषुववृत्ताजवळची निवडली होती, कारण तिथून सोडलेला उपग्रह अवकाशातल्या त्रासदायक किरणोत्साराच्या पट्ट्यांपासून बराचसा वाचतो.

या उपग्रहाचा सगळा प्रकल्प सांभाळणारी व्यक्ती होती मार्जोरी टाउनसेंड. वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून १९५१ साली इंजिनीअर झालेली पहिली बाई. चार मुलग्यांची आई. अमेरिकेच्या नासा या संस्थेत उपग्रहाचा प्रकल्प पहिल्यांदा एका बाईच्या हाताखाली चालला तो हाच. उड्डाणाचा दिवस केनियाच्या स्वातंत्र्याचा वाढदिवस होता. १९६३ साली याच तारखेला तो देश इंग्रजांच्या राज्यातून मोकळा झाला होता. म्हणून मार्जोरीबाईंनी उपग्रहाला तिथल्या स्वाहिली भाषेतलं नाव दिलं, उहुरू. म्हणजे स्वातंत्र्य. ज्यांच्या किनाऱ्यावर काम केलं त्यांच्या भाषेतला शब्द तिने आकाशात पाठवला.

उहुरूचं काम होतं आकाशातले एक्स-रे पाहण्याचं. हात मोडला की दवाखान्यात आपण एक्स-रे काढतो, तेच किरण. काही ताऱ्यांकडूनही ते येतात, पण आपल्या हवेचं पांघरूण त्यांना जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. ते आपल्या जिवासाठी चांगलंच आहे, पण अभ्यास करणाऱ्यांची पंचाईत. याआधी रॉकेट वर सोडून काही मिनिटं आकाश पाहता येई, की रॉकेट खाली. उहुरू मात्र वरच राहून दोन वर्षांहून जास्त काळ पाहत राहिला. त्याच्या यंत्रांमागचे मुख्य शास्त्रज्ञ होते रिकार्डो जिआकोनी. उड्डाण झाल्यावर धीर न धरवल्याने ते आणि मार्जोरीबाई रबरी बोटीत बसून किनाऱ्यावरच्या तळाकडे निघाले, यंत्र चालतं का ते पाहायला. ही आठवण जिआकोनींनी लिहून ठेवली आहे. यंत्र चालत होतं.

१९७१ च्या सुरुवातीलाच उहुरूला दक्षिण आकाशात एक चमत्कारिक उगम दिसला. नरतुरंग या तारकासमूहातला म्हणून त्याचं नाव सेंटॉरस एक्स-३. त्यातून एक्स-रेचे ठोके येत होते, दर ४.८ सेकंदांना एक. म्हणजे हा पल्सार असावा. पण पल्सारची ख्याती नेमकेपणाची आणि हा तर नेमका नव्हता. ठोक्यांमधलं अंतर किंचित कमी होई, मग किंचित वाढे. शिवाय मधूनच उगम मंद होऊन जवळजवळ दिसेनासा होई आणि मग परत उजळे.

अशा वेळी शंका पहिल्यांदा यंत्रावर जाते. पण जिआकोनी, ईथन श्रायर आणि त्यांच्या सोबत्यांनी एकेका दिवसाची नोंद सुटी सुटी न पाहता महिनोन्‌महिने घेतलेल्या नोंदी एकापुढे एक मांडल्या. आणि मग त्या गोंधळात एक चाल दिसली. ठोके जवळ येणं, लांबणं, उगम झाकला जाणं आणि परत उघडणं, हे सगळं २ दिवस आणि सुमारे २ तासांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. १९७२ साली त्यांनी अर्थ जाहीर केला. पल्सार एकटा नव्हता. तो एका मोठ्या, न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती फिरत होता.

हे कसं कळलं ते सांगते. एसटी हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. येताना आवाजाच्या लाटा दाटतात, जाताना विरळ होतात. ठोक्यांचंही तसंच. पल्सार आपल्याकडे येत असताना ठोके दाटतात, दूर जाताना विरळ होतात. सेंटॉरस एक्स-३ चा पल्सार सेकंदाला ४०० किलोमीटरहून जास्त वेगाने पळतो. फेरीत तो आपल्या बाजूला आला की ठोके सुमारे ४० सेकंद लवकर पोहोचतात, लांबच्या बाजूला गेला की तेवढेच उशिरा. आणि प्रत्येक फेरीत जवळपास अर्धा दिवस तो मोठ्या ताऱ्याच्या मागे दडतो, तेव्हा एक्स-रे झाकले जातात. मॉरीच्या काचेवर रेघा हलत होत्या, इथे ठोके हलत होते. युक्ती तीच.

आता फुगडी आठवा. दोघी सारख्या वजनाच्या असतील तर दोघी सारख्याच फिरतात. पण एखादी धिप्पाड काकू आणि एखादी सडपातळ पोर फुगडीला उभी राहिली, तर काकू जागच्या जागी थोडीशी हलते आणि पोरगी मोठा वेढा घेत गरगरते. समजा अंधारात काकू दिसतच नाही आणि पोरीच्या हातात बॅटरी आहे. बॅटरीचा उजेड किती मोठा वेढा घेतो आणि एका वेढ्याला किती वेळ लागतो, एवढं मोजलं तरी न दिसणारी काकू किती वजनाची असेल याचा अंदाज बांधता येतो. शास्त्रज्ञांनी हेच केलं. मोठा जोडीदार सूर्याच्या पंधरापटीहून जास्त वजनाचा निघाला. आजच्या हिशेबाने तो सुमारे २० सूर्यांएवढा आहे. त्याची रुंदी सूर्याच्या बारापट. अशा ताऱ्याला राक्षसी तारा म्हणतात. रोहिणी नक्षत्रातला तांबूस तारा हाही राक्षसीच, पण नरतुरंगातला हा तारा तांबडा नाही, अतिशय तापलेला निळसर आहे.

तोपर्यंत त्या राक्षसी ताऱ्याला कोणी दुर्बिणीतून ओळखलं नव्हतं. तो फार लांब आहे. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे २० हजार वर्षं लागतात. वाटेत धूळही पुष्कळ. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातून पाहणी करणारे पोलंडचे शास्त्रज्ञ व्होइचेख क्शेमिन्स्की यांनी तो ओळखला. त्यांना एक मंद तारा सापडला, ज्याचा उजेड बरोबर त्याच २ दिवस २ तासांच्या चालीने कमीजास्त होत होता. १९७४ साली हे प्रसिद्ध झालं. त्या ताऱ्याला आज त्यांचंच नाव आहे.

मग हिशेब उलट्या बाजूनेही करता आला. फुगडीत काकूही थोडी हलतेच. राक्षसी ताऱ्याची ती हालचाल त्याच्या उजेडातल्या रेघांवरून मोजली आणि पल्सारचं वजन निघालं, सूर्याच्या साधारण सव्वा ते दीड पट. म्हणजे पल्सारने राक्षसी ताऱ्याचं वजन सांगितलं आणि राक्षसी ताऱ्याने पल्सारचं. दोघं एकमेकांना बांधलेले होते म्हणूनच हे शक्य झालं.

आता या जोडीत चालतं काय? राक्षसी ताऱ्याच्या अंगावरून तापलेला वायू सतत बाहेर निसटत असतो. पल्सार लहान असला तरी त्याची ओढ जबरदस्त, त्यामुळे तो त्यातला काही वायू आपल्याकडे खेचून घेतो. तो वायू गोल फिरत फिरत पल्सारवर कोसळतो, कोट्यवधी अंश तापतो आणि त्यातून एक्स-रे निघतात. एकट्या पल्सारकडे फक्त स्वतःची जुनी गिरकी असते. ती खर्च होत जाते आणि तो हळूहळू मंदावतो. जोडीतल्या या पल्सारला मात्र पडणारा वायू धक्का देत राहतो. उहुरूने पाहिलं तेव्हा त्याची गिरकी ४.८४ सेकंदांची होती. नंतरच्या वर्षांत ती कधी जलद झाली, कधी थोडी मंदावली, पण एकंदर हिशेबात जलदच होत गेली. जात्याला फिरता फिरता आणखी एक हात लागावा, तसं.

पण मोठ्याने दिलेलं प्रत्येक वेळी गतीच देतं, असं समजू नका. १९७० साली ऑस्ट्रेलियातून सोडलेल्या मोठ्या फुग्यावरच्या यंत्राने दुसरी एक जोडी पाहिली. तिचं नाव जीएक्स १+४. तिथे मोठा जोडीदार म्हणजे म्हातारा तांबडा राक्षसी तारा आहे आणि पल्सार फारच संथ, एका गिरकीला दोन मिनिटांच्या आसपास वेळ घेणारा. १९७० च्या दशकात तो झपाट्याने जलद होत होता. मग १९८० नंतर काही वर्षं तो दिसेनासाच झाला. परत दिसला तेव्हा उलटा मंदावत चालला होता आणि पुढची कित्येक वर्षं मंदावतच राहिला. राक्षसी तारा तोच, पल्सार तोच, वायूही तोच. मग चाल उलटली कशी, यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. मोठ्याच्या आधाराने लहानाला गती मिळते की लगाम लागतो, हे आधार कसा पोहोचतो त्यावर ठरतं, एवढं तरी या जोडीने दाखवलं.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या महाराष्ट्राचा यात हात आहे का? आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद गाव आहे. तिथल्या शिवारात आणि आजूबाजूच्या गावांत मिळून तब्बल ३० मोठ्या ताटल्या उभ्या आहेत. एकेक ताटली ४५ मीटर रुंद. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. जगभरचे शास्त्रज्ञ तिथून पल्सारांचे ठोके ऐकतात, एकट्या पल्सारांचे आणि जोडीतल्यांचेही. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे प्रदर्शन भरतं आणि खेड्यापाड्यातली शाळकरी मुलं बघायला येतात. आणि २८ सप्टेंबर २०१५ ला भारताने ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह सोडला, तोही विषुववृत्ताजवळच्याच वाटेने फिरणारा. एक्स-रेचे ठोके मोजणारं त्याच्यावरचं मोठं यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालं. नरतुरंगातल्या याच जोडीकडेही ॲस्ट्रोसॅटने पाहिलं आहे.

आता मानाचा हिशेबही करू, कारण इतिहासात तो लागतोच. १९७४ साली पल्सारच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक जाहीर झालं, ते जोसेलिनच्या वरिष्ठांना, अँटनी ह्युइश यांना. त्यांच्यासोबत मार्टिन राइल यांचं नाव होतं. ज्या मुलीच्या नजरेला ती खूण पहिल्यांदा पडली, तिचं नाव त्यात नव्हतं. यावर पुष्कळ लोक नाराज झाले. तिने स्वतः मात्र कडवटपणा धरला नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्या, मग मुलगा लहान, म्हणून तिने कित्येक वर्षं अर्धवेळ नोकरी केली. त्या वर्षांत ती जिथे होती, तिथे काम होतं एक्स-रे पाहणाऱ्या एरियल-५ या इंग्लंडच्या उपग्रहाचं. तो उपग्रहही केनियाजवळच्या त्याच मचाणावरून १९७४ साली उडाला होता. रिकार्डो जिआकोनींना २००२ साली नोबेल मिळालं. २०१८ साली जोसेलिन बेल-बर्नेल यांना ३० लाख डॉलरचं एक मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यांनी ती सगळी रक्कम शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. भौतिकशास्त्रात ज्यांना सहसा जागा मिळत नाही, अशा मुलामुलींसाठी. मुली, निर्वासित, गरीब घरांतली पोरं. मार्जोरी टाउनसेंड यांचं नाव तर पुष्कळ पुस्तकांत येतही नाही, फक्त त्यांनी ठेवलेलं उहुरू हे नाव येतं.

एका बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "अगं, वीस हजार वर्षं लांबच्या ताऱ्याचं आपल्याला काय करायचंय?" प्रश्न बरोबर आहे. त्या ताऱ्याने आपल्या विहिरीला पाणी येणार नाही. पण तो ज्या रीतीने सापडला, ती रीत आपल्या कामाची आहे.

समजा, एखाद्या गटात एका बाईचा हप्ता दिवाळीनंतर चुकायला लागतो आणि पाडव्यानंतर पुन्हा वेळेवर येतो. एका महिन्याचं पान पाहिलं तर एवढंच दिसतं, हप्ता थकला, दंड लावला. पण चार वर्षांच्या वह्या एकापुढे एक उघडल्या, तर त्या चुकण्यालाही एक चाल आहे असं दिसतं. तिचं घर ऊसतोडीला जातं. उचल आधीच घेतलेली असते आणि हंगाम संपेपर्यंत हातात रोख येत नाही. तिच्या हप्त्याला तिच्याहून कितीतरी मोठं काहीतरी ओढत असतं आणि ते आपल्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. हे कळलं की गट ठराव करू शकतो. अशा घरांचे हप्ते हंगामाच्या आधी-नंतर बांधून देता येतात आणि दंडाचं कारणच उरत नाही.

उहुरूच्या लोकांनी ठोके चुकतात म्हणून तो उगम बाद केला असता, तर राक्षसी तारा आणखी कित्येक वर्षं अंधारातच राहिला असता. जोसेलिनने ती गिचमिड कचरा म्हणून सोडली असती, तर पल्सारही तिच्या हातून निसटला असता. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट उपयोगी पडली. जुने कागद जपून ठेवलेले होते आणि कोणीतरी ते पुन्हा उघडून पाहिले. म्हणून म्हणते, गटाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. आणि नोंद कोणी केली तिची सही पानावर असू द्या, म्हणजे पुढे कोणाचं काम कोणाच्या नावावर गेलं असं व्हायचं नाही.

एप्रिलच्या शेवटी, रात्री नऊच्या सुमाराला अंगणात किंवा गच्चीवर झोपायला जाल, तेव्हा दक्षिणेकडे अगदी खाली, क्षितिजालगत पाहा. झाडं, डोंगर आड नसतील तर त्रिशंकूचे चार तारे दिसतील. त्यांच्या थोडं उजवीकडे ती जोडी आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. पण पोरीबाळींना दाखवा आणि सांगा, तिथे एक धिप्पाड काकू आणि एक चपळ पोरगी फुगडी घालताहेत, दोन दिवस दोन तासांना एक वेढा.

पुढच्या वेळी हिशेबाच्या वहीचे रकाने कसे आखायचे ते पाहू. नमस्कार.